धक्का कोण सोसतो? ‘लवचीक’ पुरवठा साखळीची गोरेगावातून तपासणी

 

आजचा विषय आहे पुरवठा साखळी. तिच्यात अडथळा आला तरी ती तुटू नये, म्हणून काय करायचं? कोविडच्या टाळेबंदीनंतर हा प्रश्न सगळीकडे विचारला जाऊ लागला. एप्रिल २०२१ मध्ये भारत, जपान आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांनी मिळून पुरवठा साखळी लवचीक करण्याचा एक उपक्रमच जाहीर केला. ‘लवचीक’ म्हणजे वाकेल पण मोडणार नाही अशी. ऐकायला चांगलं वाटतं. पण आम्हाला या शब्दाबद्दल एक शंका आहे, आणि ती शंका आज इथे, हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात बसून मांडायची आहे.

शंका अशी. साखळी वाकली पण मोडली नाही असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा तिच्यातली कुठली तरी एक कडी मोडलेली असते. फक्त ती मोजली जात नाही. धक्का नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी अंगावर जातो. म्हणून कुठल्याही लवचीक साखळीला पहिला प्रश्न विचारायचा, की बाबा, धक्का सोसला कुणी?

आधी जग काय शिकलं ते थोडक्यात बघू, म्हणजे मोजमाप हातात येईल. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस तो रस्ता बंद राहिला. एक जहाज, सहा दिवस, आणि युरोप-आशियाचा व्यापार खोळंबला. दुसरं उदाहरण टोयोटा कंपनीचं. ‘लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच’ ही पद्धत जगाला शिकवणारी हीच कंपनी. गोदामात माल पडून राहणं म्हणजे पैसा पडून राहणं, असं तिचं तत्त्व. पण २०११ साली जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, पुरवठादारांचे कारखाने बंद पडले. त्यानंतर कंपनीनं चिप पुरवणाऱ्यांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. २०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई आली तेव्हा बाकीच्या मोटार कंपन्यांपेक्षा टोयोटाला तिची झळ उशिरा लागली. लागली, पण उशिरा. तेवढा वेळ त्या साठ्यानं मिळवून दिला.

यातून धडे तीन. एक, थोडा साठा हवा. दोन, पर्याय हवा. एकाच रस्त्यावर, एकाच पुरवठादारावर सगळं टाकायचं नाही. तीन, वेळ हवा; अडचण आल्यावर त्याच दिवशी निर्णय घ्यावा लागू नये इतकी सवड. साठा, पर्याय आणि वेळ. ही तीन मापं घेऊन आता आपल्या सोयाबीनकडे येऊ.

गोरेगावच्या शिवारातलं सोयाबीन कुठे कुठे जातं ते बघा. जूनमध्ये बियाणं आणि खत कृषी सेवा केंद्रातून येतं, बरंचसं उधारीवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोंगणी, मळणी, आणि पोती थेट मोंढ्यावर. अडत्याकडून प्रक्रिया कारखान्यात. तिथे क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. तेल जातं स्वयंपाकघरात, पेंड जाते मुख्यतः कोंबडीच्या खाद्यात, काही परदेशी. म्हणजे मुंबईतल्या माणसाच्या ताटातलं अंडं आणि कढईतलं तेल, या दोन्हींच्या मागे हे शिवार आहे. आणि याच तेलाच्या बाजारात आपला देश निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवतो: इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेल, काळ्या समुद्राकडचं सूर्यफूल. इतकी लांब साखळी आहे. हिचं एक टोक गोरेगावात, आणि ते टोक सगळ्यात कमी बोलतं.

आता या साखळीला बसलेला एक मोठा धक्का घेऊ. साल २०२१. जगात तेलबिया महागल्या, देशात माल कमी पडला, आणि ऑगस्टमध्ये काही बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेलं. त्या वर्षीचा हमीभाव होता ३,९५० रुपये. आता हे सांगायला हवं की ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या घरात फारसं सोयाबीन नसतं. त्याचं नवीन पीक शेतात उभं असतं. म्हणजे हा भाव बहुतेकांनी फक्त ऐकला. कोंबडीपालन करणाऱ्यांना मात्र पेंड परवडेना, आणि त्यांची अडचण खरी होती.

सरकारनं काय केलं? ऑगस्टमध्येच १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि तीही जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची. जे बियाणं आपल्या शेतकऱ्याला पेरायची परवानगी नाही, त्याच जातीच्या सोयाबीनची पेंड बाहेरून आणायला चालते. ऑक्टोबरमध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क कमी केलं आणि तेल-तेलबियांवर साठ्याची मर्यादा आणली. डिसेंबरमध्ये सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले. ती बंदी नंतर वेळोवेळी वाढवली गेली. त्याच महिन्यात सोयापेंड जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणून तिच्याही साठ्यावर पुढच्या जूनअखेरपर्यंत मर्यादा घातली.

हे सगळे निर्णय आता आपल्या तीन मापांनी मोजा. आयात हा पर्याय आहे, पण तो खरेदीदाराचा पर्याय. साठ्याची मर्यादा तर उलट दिशेनं जाते. सगळं जग म्हणतंय थोडा साठा ठेवा, आणि आपल्याकडे पीक हातात यायच्या ऐन वेळी साठा ठेवणारा व्यापारी, कारखानदार संशयित ठरतो. शेतकऱ्याला ही मर्यादा नाही, असं कायदा सांगतो. बरोबर. पण मोंढ्यावर माल आणल्यावर विकत घेणाऱ्यानं हात आखडता घेतला की ती मर्यादा शेतकऱ्याच्याच पोत्याला लागते. राहिला वायदेबाजार. त्यात सट्टा चालतो हे कुणी नाकारत नाही. पण पेरणीच्या वेळी पुढच्या ऑक्टोबरचा भाव काय असू शकतो, याचा अंदाज देणारी ती एक खिडकी होती. तिच्यातून काय दिसतं याबद्दल वाद घालता आला असता, पण खिडकीच बंद केली गेली. साठा गेला, अंदाज गेला. आणि नवीन पीक बाजारात यायला लागलं त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भाव जवळपास निम्म्यावर आले.

साखळी मोडली का? नाही. कारखाने चालू राहिले, अंडी मिळाली, तेल मिळालं. सरकारी हिशेबात साखळी लवचीक ठरली. धक्का मात्र पीक घरी आलेल्या माणसावर गेला. त्याच्याकडे साठवायला जागा नव्हती, दुसरा गिऱ्हाईक नव्हता आणि थांबायला सवड नव्हती.

एखाद्या वर्षाचा अपवाद म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण अलीकडचा एक आठवडा बघा. २८ मे २०२५ रोजी केंद्र सरकारनं खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीनचा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढवून ५,३२८ केला. दोन दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. उपकर धरून एकूण शुल्क २७.५ वरून १६.५ टक्के झालं. एका हातानं कागदावरचा भाव चढवला, दुसऱ्या हातानं बाजारातला भाव उतरायला वाट करून दिली. आणि वेळ कुठली? मृगाच्या तोंडावरची. बियाणं घेतलेलं, रान तयार. आता पीक बदलायलाही उशीर झालेला.

एक गोष्ट न्यायाला धरून सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं हेच शुल्क वाढवलं होतं, आणि ते शेतकऱ्याच्या बाजूनं होतं. तरीही त्या हिवाळ्यात सोयाबीन हमीभावाला पोचलं नाही. कारण सोयाबीनचा भाव एकट्या तेलावर ठरत नाही, पेंडेवरही ठरतो. आणि पेंडेला जगात उठाव कमी होता. शिवाय देशात धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून डीडीजीएस नावाचा स्वस्त चोथा निघतो, तो कोंबडीच्या खाद्यात पेंडेच्या जागी जाऊ लागला. म्हणजे इंधनाची साखळी मजबूत करण्याच्या धोरणाचा धक्का तेलबियांच्या साखळीला बसला. हे ठरवणाऱ्यांच्या मनात वाईट नसेल. पण एका साखळीची मजबुती दुसऱ्या साखळीतल्या शेवटच्या माणसाच्या खर्चानं उभी राहते, हे कुणी तरी टेबलावर मांडायला हवं होतं.

मग हमीभावानं खरेदी आहेच की, असं कुणी म्हणेल. २०२४ च्या हंगामाची ती गोष्ट आठवा. हमीभाव ४,८९२, बाजारात भाव ४,००० च्या आसपास. खरेदी केंद्रं सुरू झाली. अट होती ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. काढणीच्या काळात पाऊस झालेल्या भागात ही अट म्हणजे दार अर्धं बंदच. पुढे नोव्हेंबरमध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. तेवढ्यात दुसरी अडचण उभी राहिली: बारदाना संपला. राज्यात अनेक केंद्रांवर रिकामी पोती नाहीत म्हणून खरेदी थांबली. नोंदणी झालेली, माल तयार, पैसा मंजूर, आणि पोतं नाही. मुदत वाढवत वाढवत फेब्रुवारी २०२५ पर्यंत नेली, तरी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही.

आम्हाला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. पुरवठा साखळीच्या मोठ्या चर्चेत उपग्रह असतात, ॲप असतात, ब्लॉकचेन असते. आणि प्रत्यक्षात साखळी अडते ती तागाच्या पोत्यापाशी. किती सोयाबीन येणार याचा अंदाज पेरणीच्या आकड्यांवरून ऑगस्टमध्येच करता येतो. त्यावरून किती बारदाना लागेल हा चौथीतल्या मुलाचा गुणाकार आहे. तो गुणाकार वेळेवर झाला नाही, की दिवाळीची उधारी आणि रब्बीचं बियाणं डोक्यावर असलेला माणूस केंद्रावरून माघारी फिरतो आणि मोंढ्यावर पडेल त्या भावानं विकतो. यंत्रणेनं चुकवलेल्या गुणाकाराची बाकी त्यानं भरायची.

आता खताकडे बघा, म्हणजे साखळी उलट्या दिशेनंही तशीच वागते हे दिसेल. डीएपी आपण मोठ्या प्रमाणात आयात करतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली; चीननं निर्यातीवर नियंत्रण आणलं. केंद्रानं अनुदान वाढवून ५० किलोच्या गोणीची किंमत १,३५० रुपयांवर स्थिर ठेवली. चांगलं केलं. पण किंमत स्थिर राहिली म्हणून गोणी मिळाली असं झालं नाही. दुकानात जा, तर डीएपी पाहिजे असेल तर सोबत हे द्रवखत घ्या, ती पावडर घ्या. ज्याला आपण सगळे ‘लिंकिंग’ म्हणतो ते हेच. वरून दुकानदारावर, दुकानदाराकडून शेतकऱ्यावर. कागदावर १,३५०, हातात त्याहून जास्त. तांबड्या समुद्रातला धक्का असा पायरी पायरीनं उतरत सेनगाव तालुक्यातल्या बांधावर येऊन थांबतो. त्याच्या पुढे पायरी नाही.

इथवर टीका झाली. आता प्रश्न असा, की पहिल्या कडीला तेच तीन आधार, म्हणजे साठा, पर्याय आणि वेळ, देता येतात का? येतात. काही ठिकाणी ते आपणच करून दाखवलेलं आहे.

खतापासूनच सुरू करू. सोयाबीन हे तेलबियांचं पीक, त्याला गंधक लागतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर गंधकही असतं, डीएपीत ते नसतं. एका गोणी डीएपीऐवजी तीन गोण्या सुपर फॉस्फेट आणि अर्धी गोणी युरिया टाकला, की नत्र-स्फुरदाचा हिशेब जवळपास बरोबर बसतो आणि गंधक वर मिळतं. वाहून आणायला जास्त, हे खरं. पण हा पर्याय आहे, देशात तयार होतो, आणि तो माहीत असलेला माणूस लिंकिंगपुढे कमी वाकतो.

मग बियाणं. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीच्या वेळीच पाऊस पडला, सोयाबीन भिजलं. त्याचा परिणाम दिसला पुढच्या जूनमध्ये. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात बियाणं उगवलंच नाही, अशा हजारो तक्रारी झाल्या. पिशवीवर शिक्का होता, पावती होती, आणि तासात रोप नव्हतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. पाऊस, आपटणं, जोरात मळणी, काहीही त्याला सोसत नाही. आणि सगळा प्रदेश एकाच वेळी भिजला, तर सगळ्यांचंच बियाणं एकाच वेळी कमकुवत होतं. एकाच रस्त्यावर सगळं टाकल्यावर काय होतं, त्याचं हे आपलं सुएझ.

त्यानंतर कृषी विभागानं घरच्या बियाण्याची मोहीम जोरात चालवली, आणि ती योग्य होती. सोयाबीन स्वपरागी पीक आहे. एकदा विकत घेतलेलं सुधारित वाणाचं बियाणं पुढचे दोन-तीन हंगाम घरचं वापरता येतं. बियाण्यासाठी ठेवायचा प्लॉट आधीच ठरवायचा, मळणीयंत्राचे फेरे ३५० ते ४०० वर ठेवायचे, चांगलं वाळवायचं, थप्पी उंच लावायची नाही, पोतं आपटायचं नाही. आणि पेरणीआधी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. आठवडाभरात ७० उगवले तर नेहमीच्या मापानं पेरा. थोडे कमी उगवले तर बियाणं वाढवा. फारच कमी उगवले तर ते बियाणं नाही, तो मोंढ्यावरचा माल आहे. गोणपाट, पाणी आणि आठवडा, एवढाच खर्च.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यानंतर हे आम्ही मुद्दाम इतकं सविस्तर सांगतोय. भिजलेल्या पिकाचं बियाणं येत्या जूनमध्ये पिशवीतून आलं काय किंवा कोठीतून आलं काय, आधी तपासलंच पाहिजे. मेच्या शेवटी तपासलं तर धावपळ होते. मार्च-एप्रिलमध्ये तपासलं तर शेजारच्या गावात, तालुक्यात चांगलं बियाणं शोधायला वेळ मिळतो. तोच तो वेळ, जो टोयोटानं साठ्यातून मिळवला.

तिसरी गोष्ट साठवणीची. आपल्याकडे पेव होती, बळदं होती, कणग्या होत्या. आता घरात पोती ठेवायला जागा नाही आणि ठेवायची हिंमत नाही, कारण उधारी. इथे एक जुनी योजना कामाची आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा, हळद ठेवायची, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा महिने मुदत, वर्षाला ६ टक्के व्याज. माल आपल्याच नावावर राहतो. कागदावर ही योजना अगदी पहिल्या कडीसाठीच केलेली आहे. पण ती चालते कुठे? ज्या बाजार समितीकडे गोदाम आहे, पैसा आहे आणि इच्छा आहे, तिथे. योजना आहे, असं म्हणून भागत नाही. ऐन दिवाळीत आपल्या तालुक्यातल्या गोदामात किती पोत्यांना जागा होती आणि किती जणांना कर्ज मिळालं, हा प्रश्न दरवर्षी बाजार समितीच्या सभेत विचारला गेला पाहिजे.

इथे एक खबरदारीही सांगतो. माल ठेवला म्हणजे भाव मिळतोच, असा समज करून घेऊ नका. २०२२ च्या खरिपाचं सोयाबीन अनेकांनी वाढीच्या आशेनं धरून ठेवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात भाव उलट खाली आले. त्यांचं नुकसान झालं. साठवणीतून नफ्याची हमी मिळत नाही, निर्णयासाठी सवड मिळते. म्हणून सगळा माल ठेवायचा नाही आणि सगळा एका दिवशी विकायचाही नाही. उधारीपुरता काढायचा, बाकीचा दोन-तीन हप्त्यांत. वसमतकडच्या हळदवाल्यांना हे सोयाबीनवाल्यांपेक्षा जास्त जमतं, त्याचं एक कारण पिकातच आहे: शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद वर्षभरही टिकते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नाव आणि ओळखीचा गिऱ्हाईक हाही एक आधार आला. पण हळदीला पाणी लागतं. कोरडवाहू माणसाला हा पर्याय सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे. त्याच्यासाठी सोयाबीनमध्ये तुरीचे तास, हाच जुना आणि खरा पर्याय. एक गेलं तर दुसरं.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो टाळून चालणार नाही. तेल महाग झालं की त्याची झळ गोरेगावातल्या मजुरालाही लागते. शेतकरीही तेल विकतच घेतो. मग सरकारनं भाव आवरायचे नाहीत का? आवरावेत. गरीब माणसाची कढई कोरडी पडू नये, हे सरकारचं कामच आहे. आमचं म्हणणं एवढंच की भाव वर गेला की चार दिवसांत हत्यारं निघतात, आणि भाव खाली गेला की चार महिने बारदाना निघत नाही. दोन्ही दिशांना सारखीच घाई असू द्या. शुल्क बदलायचं तर त्याचा नियम आधी सांगा: हमीभावाच्या खाली बाजार गेला की शुल्क इतकं, इतका वर गेला की इतकं. आणि ते पेरणीच्या आधी सांगा, पेरणीच्या तोंडावर नको. स्वस्त तेल द्यायचं तर रेशनवर द्या, त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून करा. आज तो खर्च सोयाबीन पिकवणारा करतो आणि त्याची नोंद कुठल्याच अर्थसंकल्पात होत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याच गोरेगाव परिसरातल्या काही शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्या, अशी मागणी थेट मुख्यमंत्र्यांकडे केली. किडनीला इतके, डोळ्यांना इतके, असा भाव लावून. राज्यभर बातमी झाली, चार दिवस चर्चा झाली. कुणी त्याला आंदोलनाची युक्ती म्हटलं. त्या वर्षी पावसानं मोठा खंड दिला होता, सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला होता, आणि जे हाती आलं त्याला भाव नव्हता. त्या मागणीकडे पुरवठा साखळीच्या भाषेत बघा. साठा नाही, दुसरा गिऱ्हाईक नाही, थांबायला वेळ नाही. विकायला काही उरलेलंच नाही, तेव्हा माणूस स्वतःच्या शरीराचा भाव काढतो. आणि त्याच हंगामात तेलाचा पुरवठा कुठे अडला नव्हता, अंडी मिळत होती, साखळी व्यवस्थित चालू होती.

म्हणून इथून पुढे ‘आमची साखळी लवचीक आहे’ असं कुणी म्हटलं, मग ते सरकार असो, कंपनी असो की आपलीच शेतकरी उत्पादक कंपनी, तर चार प्रश्न विचारा. साठा कुणाकडे आहे? माल नाकारला गेला तर दुसरा गिऱ्हाईक कोण? निर्णय बदलला तर तो शेतकऱ्याला पेरणीच्या किती दिवस आधी कळतो? आणि नुकसान झालं तर ते कुणाच्या वहीत लिहिलं जातं? या चारही प्रश्नांना उत्तर मिळालं तर ती साखळी खरोखर मजबूत आहे. नाही मिळालं, तर तिची लवचिकता म्हणजे खालच्या माणसाची पाठ आहे, आणि पाठीला मर्यादा असते.

यातलं मोठं काम दिल्ली-मुंबईचं आहे, ते त्यांच्याकडून मागत राहायचं. लहान काम आपल्या हातात आहे. १०० दाणे या आठवड्यात गोणपाटात घाला. ग्रामसभेत आणि बाजार समितीत गोदामाचा आणि बारदान्याचा प्रश्न ऑगस्टच्या आत लेखी द्या, आणि पोच घ्या. दिवाळीत विचारला तर उत्तर मिळेपर्यंत सोयाबीन विकलेलं असतं.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. ऑनलाइन असणाऱ्यांनी प्रश्नासोबत आपला तालुका आणि बाजार समिती लिहा, म्हणजे कुठे काय चालतं ते सगळ्यांनाच कळेल.